कुणाची कोण

स्वीडनमधल्या माल्मोच्या मुख्य स्थानकातून सुटलेली करड्या रंगाची गाडी त्रिआंगेल्न आणि हिलिए ही दोन स्थानके घेते, ओरेसुंड सामुद्रधुनीवरच्या पुलावर चढते आणि पस्तीस-चाळीस मिनिटांत डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला पोहोचते. एवढ्या वेळात वर्तमानपत्रही धड वाचून होत नाही. जाताना माझ्याकडे सहसा कोणी काही मागत नाही. परतताना मात्र पूल संपल्यावर येणाऱ्या पहिल्याच स्थानकात, म्हणजे हिलिएला, पोलीस डब्यात चढतात आणि ओळखपत्रे पाहतात. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी स्वीडनने ही तपासणी सुरू केली, ती तात्पुरती म्हणून. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. कधी ती कडक असते, कधी नुसती नजर फिरवण्यापुरती असते. मी मात्र तेव्हापासून पर्समधला एक कप्पा वेगळा ठेवला आहे. त्यात दोनच वस्तू असतात : भारताचा निळा पासपोर्ट आणि बँकेच्या कार्डाएवढे एक प्लास्टिकचे कार्ड, ज्याला स्वीडिश भाषेत ‘उप्पेहोल्सकूर्ट’ म्हणतात.

या शब्दाचा सरळ अर्थ ‘निवास कार्ड’ असा आहे, पण ते साध्या निवासी परवान्याहून वेगळे असते आणि तो फरक समजायला मला बराच काळ लागला. परवाना ही राज्याने दिलेली मुभा असते. कार्ड ही कायद्याने आधीच मिळालेल्या हक्काची केवळ पोच असते. कार्ड हरवले तरी हक्क हरवत नाही, निदान कागदावर तरी नाही. २०२२ मध्ये पासपोर्टाची दहा वर्षे भरली, तेव्हा कार्डही बदलून घेतले. त्या नव्या कार्डाच्या शेऱ्यांच्या जागी एक त्रोटक ओळ छापलेली आहे. तिचा मराठी अर्थ असा होतो : ‘युरोपीय संघातील कुटुंबीय, निर्देश २००४/३८, कलम २०’. कुणाचे कुटुंबीय, ते लिहिलेले नाही. आपल्याकडे नवख्या माणसाची ओळख करून घेताना ‘तू कुणाची कोण?’ असे विचारतात. माझे कार्ड त्यातल्या ‘कोण’चे उत्तर देते आणि ‘कुणाची’ला बगल देते.

गंमत अशी की त्या कार्डावर नवऱ्याचे नाव नसले तरी वडिलांचे आहे. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लिहितो. पासपोर्टात आडनावाला स्वतंत्र रकाना असतो आणि बाकीचे सगळे दिलेल्या नावांच्या रकान्यात जाते. तिथून ते जसेच्या तसे स्वीडनच्या कार्डावर उतरले. लग्नानंतर मी आडनाव बदलले नाही, त्यामुळे बाबांचे नाव माझेच दुसरे नाव होऊन बसले आहे. एकदा हिलिएला एका तरुण पोलिसाने दोन्ही नावे सलग वाचली आणि तुमचे नाव लयदार आहे, असे तो कौतुकाने म्हणाला. त्यातले निम्मे नाव एका निवृत्त शिक्षकाचे आहे आणि तो शिक्षक या गाडीत कधी बसलेला नाही, हे त्याला सांगण्याइतकी गाडी तिथे थांबत नाही.

आमचे लग्न २०१२ साली झाले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि नवरा सत्तावीसचा. तो डॅनिश आहे, कोपनहेगनमध्ये जन्मला, तिथेच शिकला आणि तिथेच नोकरीला होता, तेव्हा लग्नानंतर आपण कोपनहेगनमध्ये राहणार हे मी गृहीत धरले होते. ते गृहीतक डेन्मार्कच्या कायद्याने मोडीत काढले. १ जुलै २००२ पासून तिथे असा नियम आहे की परदेशी जोडीदाराला आणायचे असेल तर पती आणि पत्नी या दोघांचेही वय किमान चोवीस असले पाहिजे. त्याखेरीज घर पुरेसे मोठे हवे, बँकेत हमीची रक्कम हवी, आणि २०१८ पर्यंत अनेकांच्या बाबतीत दोघांचे मिळून डेन्मार्कशी असलेले नाते इतर कोणत्याही देशाशी असलेल्या नात्यापेक्षा घट्ट आहे हेही सिद्ध व्हावे लागे. वयाच्या अटीमागे सक्तीचे विवाह रोखण्याचे कारण दिले जाते. आमचे लग्न ठरवण्यात सक्ती कुणाची असलीच तर ती माझी होती, पण असे काही नोंदवायला अर्जात जागा नव्हती. दोन वर्षे थांबा, एवढेच त्या नियमाचे म्हणणे होते.

मग नवऱ्याने मला पहिल्यांदा त्या पुलाबद्दल सांगितले. पूल बांधला गेला तो दोन शहरे जोडण्यासाठी. १ जुलै २००० रोजी डेन्मार्कची राणी मार्ग्रेटे आणि स्वीडनचे राजे कार्ल गुस्ताफ यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा तो अशा कामासाठी वापरला जाईल असे त्यांच्या मनातही आले नसेल. दोनच वर्षांनी चोवीस वर्षांचा नियम आला आणि परदेशी जोडीदार असलेली डॅनिश माणसे सामान बांधून माल्मोला जाऊ लागली. रात्री स्वीडनमध्ये झोपायचे, सकाळी गाडीने डेन्मार्कमध्ये कामाला जायचे. लोक त्याला ‘प्रेमाचा पूल’ म्हणू लागले. नाव गोड आहे, पण सकाळी सातच्या गाडीत पेंगणाऱ्या नवऱ्यांकडे पाहून ते सुचलेले नसावे.

यामागचे कायद्याचे गणित असे आहे. माझ्या कार्डावर लिहिलेला २००४ चा निर्देश, म्हणजे युरोपीय संघाचा कायदा, संघाच्या त्या नागरिकांना लागू होतो, जे स्वतःचा देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात जातात. त्यांच्यासोबत राहण्याचा हक्क त्यांच्या पतीला किंवा पत्नीला मिळतो, मग ती व्यक्ती जगातल्या कुठल्याही देशाची असो. डेन्मार्कमध्ये राहणारा डॅनिश माणूस घर सोडून कुठेच गेलेला नसतो, म्हणून त्याच्या बायकोला डेन्मार्कचे नियम लागतात. तोच माणूस सोळा किलोमीटरची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे राहायला गेला की तो ‘संघाचा नागरिक’ होतो आणि त्याच्या बायकोचे वय कोणी विचारत नाही. २५ जुलै २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने आयर्लंडमधल्या मेटॉक खटल्यात हेही स्पष्ट केले की त्या जोडीदाराने आधी संघातल्या एखाद्या देशात कायदेशीर वास्तव्य केलेले असण्याची गरज नाही. त्या निकालामुळे मी थेट भारतातून माल्मोला येऊ शकले.

मी हे गणित पुष्कळदा मनात मांडून पाहिले आहे आणि दर वेळी त्याच उत्तराशी येऊन अडखळते. लोक मला परदेशी बायको म्हणतात आणि ते खरेही आहे. पण मला सोबत आणण्यासाठी परदेशी व्हावे लागले ते त्याला. स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत, ज्या शहरात त्याची आजीही जन्मली त्या शहरात त्याला नवरा म्हणून जे जमत नव्हते, ते परक्या मुलखात उपरा म्हणून राहायला लागल्यावर जमले. माझ्या कार्डावर जो हक्क नोंदवलेला आहे त्याचे मूळ त्याच्या डॅनिश असण्यात जितके आहे, तितकेच त्याच्या डेन्मार्क सोडण्यात आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये मी आले. येण्यासाठी व्हिसा लागला. कुटुंबीयांना तो विनाशुल्क आणि लवकर द्यावा असे त्याच निर्देशात लिहिलेले आहे, आणि तो तसा मिळालाही. लग्नाच्या दाखल्यावर आधी राज्य सरकारची आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर, म्हणजे ज्याला अपॉस्टिल म्हणतात ती, घेऊनच आले होते. कार्डासाठी अर्ज केला आणि अर्ज मिळाल्याची पावती हातात पडली. कार्ड सहा महिन्यांच्या आत द्यायचे असते. माझ्या व्हिसाची मुदत नव्वद दिवसांची होती. म्हणजे डिसेंबरपासून कार्ड येईपर्यंत माझी स्थिती अशी होती की स्वीडनमध्ये राहण्याचा मला पूर्ण हक्क होता, पण त्या हक्काचा पुरावा म्हणून जवळ असलेली पावती दुसऱ्या देशात प्रवासाचा कागद म्हणून चालणारी नव्हती.

त्या वर्षी सासूबाईंनी नाताळाला कोपनहेगनच्या घरी बोलावले होते. लग्नानंतरचा पहिला नाताळ होता. गाडी दर वीस मिनिटांनी सुटत होती आणि २०१२ साली त्या गाडीत तिकीट तपासनिसाखेरीज कोणीही काही विचारत नव्हते. डेन्मार्क आणि स्वीडन २५ मार्च २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटात आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या नागरिकांना तर एकमेकांकडे जायला १९५२ पासूनच पासपोर्ट लागत नाही. नवरा म्हणाला, “कोण बघतंय? बस गाडीत.” तो हे अगदी निर्मळ मनाने म्हणाला, कारण सीमा त्याच्या लेखी नकाशावरची रेघ होती. मी बसले नाही. मी भित्री आहे म्हणून बसले नाही, हे कबूल केलेले बरे. तत्त्वाचा मुलामा मी त्यावर नंतर चढवला. पकडले गेले तर कार्डाच्या अर्जाचे काय होईल, या एका विचाराने मी चोवीस डिसेंबरच्या दुपारी माल्मोच्या किनाऱ्यावर जाऊन पुलाकडे बघत उभी राहिले. सासूबाईच मग भाजलेल्या बदकाचे पातेले टॉवेलात गुंडाळून गाडीने आमच्याकडे आल्या. त्यांना कोणी अडवले नाही, बदकालाही नाही.

कार्ड फेब्रुवारीत आले. त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी एकटीने तिकीट काढले आणि कोपनहेगनला गेले, केवळ जाऊन येण्यासाठी. तेव्हा मला कळले की ज्या काळात सीमेवर पहारा नव्हता त्या काळात मी सीमा ओलांडू शकत नव्हते. पहारा बसला तोवर माझ्याजवळ कार्ड होते. त्यामुळे लोक जिला खुली सीमा म्हणतात तिची खरी चव मला फार थोडी वर्षे मिळाली, २०१३ च्या फेब्रुवारीपासून २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत. त्या वर्षांत गाडीतून मी फक्त बाहेर पाहिले.

आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पूल जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. वरून मोटारी जातात आणि खालच्या मजल्यावरून गाड्या, त्यामुळे समुद्र आपल्याला लोखंडी तिरक्या खांबांच्या चौकटींतून तुकड्यातुकड्यांनी दिसतो. देशांची सीमा पुलावरच कुठेतरी आहे, पण गाडीतून ती काही केल्या कळत नाही. कळतो तो विजेतला बदल, तोही चालकाला. स्वीडनच्या रुळांवर पंधरा हजार व्होल्टची वीज असते आणि डेन्मार्कच्या या मार्गावर पंचवीस हजारांची, म्हणून या गाड्या दोन्ही प्रकारची वीज घेऊ शकतील अशाच बांधलेल्या आहेत. पुलानंतर चार किलोमीटर लांबीचे एक मानवनिर्मित बेट लागते आणि बेटानंतर गाडी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, कारण विमानतळ जवळ असल्यामुळे तिथे उंच पूल चालला नसता. त्या बेटाशेजारी साल्टहोल्म नावाचे जुने नैसर्गिक बेट आहे. साल्ट म्हणजे मीठ. म्हणून नव्या बेटाचे नाव त्यांनी पेबरहोल्म ठेवले, म्हणजे मिऱ्यांचे बेट. तिथे मुद्दाम काहीही लावलेले नाही आणि कोणी राहतही नाही. वाऱ्याने, पक्ष्यांनी, कदाचित आमच्या गाड्यांच्या चाकांनी आणलेल्या बियांतून जे उगवेल ते उगवू दिले आहे. दोन देशांच्या मधोमध असलेल्या त्या जमिनीवर पाय ठेवायला अभ्यासकांखेरीज इतरांना परवानगी नाही. रोपट्यांना मात्र कोणी मूळ विचारत नाही, असे वाक्य मी एकदा वहीत लिहिले होते आणि फारच गोड वाटले म्हणून खोडले होते.

४ जानेवारी २०१६ पासून सोळा महिने हा प्रवास बदलून गेला. स्वीडनकडे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे ओळखपत्र गाडीत चढण्यापूर्वीच तपासण्याची जबाबदारी रेल्वेवर टाकली गेली. कोपनहेगनहून येताना विमानतळाच्या स्थानकावर सगळ्यांनी उतरायचे, जिने चढून वर जायचे, रांगेतून ओळखपत्र दाखवून दुसऱ्या फलाटावर उतरायचे आणि तिथून स्वीडनची गाडी पकडायची. पुढे हिलिएला पोलीस होतेच. म्हणजे एका सामुद्रधुनीसाठी दोन तपासण्या. नवऱ्याचे काम छायाचित्र असलेल्या वाहन परवान्यावर भागे. त्याला नुसता खिशात हात घालावा लागे. मला पासपोर्ट आणि कार्ड या दोहोंची जोडी लागे, कारण कार्ड हे प्रवासाचे कागदपत्र नाही आणि पासपोर्ट एकटा हक्क सांगत नाही. एकाच घरात परतणारी आम्ही दोन माणसे शेजारी शेजारी उभी असायचो आणि माझी वेळ त्याच्यापेक्षा वीस सेकंदांनी जास्त लागायची. वीस सेकंद म्हणजे काहीच नव्हे. पण रोज कोपनहेगनला शिकवायला जाणारी मी आणि रोज तिथेच कामाला जाणारा तो, असे आम्ही सोळा महिने ते वीस सेकंद मोजले, आणि तो त्या काळात माझ्यासाठी थांबायला शिकला. आधी तो पुढे चालू लागायचा.

४ मे २०१७ रोजी विमानतळावरची ती तपासणी बंद झाली; हिलिएची राहिली.

त्याच वर्षांत केव्हातरी मी ते दोन निकाल वाचले ज्यांनी माझ्यासारख्यांचा प्रवास शक्य केला किंवा निदान समजावून दिला. पहिला २४ मे २०१६ चा, स्ट्रासबूरच्या मानवी हक्क न्यायालयाचा. ऊस्मान बियाओ हे टोगोत जन्मलेले आणि पुढे डॅनिश नागरिक झालेले गृहस्थ. त्यांची पत्नी घानाची. दोघांचे मिळून डेन्मार्कशी पुरेसे नाते नाही म्हणून तिला नकार मिळाला होता. ही नात्याची अट अठ्ठावीस वर्षे डॅनिश नागरिकत्व असलेल्यांना माफ होती, म्हणजे जन्माने डॅनिश असलेला माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी सुटे आणि नंतर नागरिक झालेल्याचे मोजमाप नागरिकत्वाच्या दिवसापासून सुरू होई. न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. पण माझे लक्ष खिळून राहिले ते प्रकरणाच्या हकिकतीतल्या एका साध्या नोंदीवर : हे जोडपे माल्मोला राहायला आले होते आणि पती तिथून कामासाठी कोपनहेगनला ये-जा करत होते. म्हणजे आमच्याच गाडीने. सकाळच्या गर्दीत आम्ही कधी समोरासमोर उभे राहिलो असू का, असा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही.

दुसरा निकाल जुना, ७ जुलै १९९२ चा, आणि त्याचे नाव सुरिंदर सिंग. हे नाव युरोपातल्या मिश्र जोडप्यांच्या तोंडी वाटेच्या नावासारखे असते. ‘आम्ही सुरिंदर सिंगने परतलो’ असे लोक म्हणतात, जसे आपण एखाद्या घाटाने आलो म्हणतो. सिंग हे भारतीय नागरिक होते. १९८२ मध्ये त्यांनी ब्रॅडफर्डला एका ब्रिटिश स्त्रीशी लग्न केले. दोघांनी १९८३ ते १९८५ या काळात जर्मनीत नोकरी केली आणि मग व्यवसाय काढण्यासाठी दोघेही ब्रिटनला परतले. दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाला स्वतःच्या देशातही जोडीदारासह राहण्याचा युरोपीय हक्क मिळतो, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्या प्रकरणात ठरवले. कितीतरी संसार त्या वाटेने आपापल्या गावी परतले. स्वतः सिंग यांचे लग्न मात्र निकाल लागण्यापूर्वीच, १९८९ मध्ये, घटस्फोटाने संपलेले होते. ज्याच्या नावाने इतरांचे संसार घरी पोहोचतात त्याचा स्वतःचा संसार वाटेतच सुटला, हे कळल्यापासून मी ते नाव जरा हळू आवाजात उच्चारते.

ती वाट आम्हालाही खुली होती आणि आजही आहे. काही काळ खरोखर माल्मोत राहिल्यानंतर मला घेऊन कोपनहेगनला परतण्याचा दावा नवऱ्याला करता आला असता; शिवाय चोविसावे वर्ष मीही यथावकाश ओलांडलेच. आम्ही गेलो नाही. लोक कारण विचारतात तेव्हा आम्ही घर, शाळा, ओळखीपाळखी असे काहीतरी सांगतो. खरे कारण मला वाटते असे आहे की नवऱ्याला आपल्या देशाचा थोडा राग आलेला होता आणि तो उतरेपर्यंत आम्ही इथले झालो होतो. तो रागावलेला आहे हे मला मात्र २०१९ च्या जुलैपर्यंत ठाऊक नव्हते.

त्या उन्हाळ्यात आम्ही हॅम्बुर्गला गेलो होतो आणि परतताना कोपनहेगनची गाडी घेतली. तेव्हा ती गाडी जर्मनीतल्या पुटगार्डन बंदरात सरळ जहाजाच्या पोटात शिरत असे. रूळ जहाजातच होते. प्रवाशांनी उतरून वर डेकवर जायचे, पाऊण तास समुद्रावरचा वारा खायचा आणि पलीकडे डेन्मार्कमधल्या रॉडबीला पुन्हा आपापल्या जागी येऊन बसायचे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ही रेल्वेची फेरी बंद झाली. रॉडबीला जहाजातून बाहेर पडल्यावर डॅनिश पोलीस डब्यात आले. आमच्याकडे आलेला पोलीस पन्नाशीचा, सौम्य चेहऱ्याचा होता. त्याने माझा पासपोर्ट पाहिला, कार्ड पाहिले, उलटून पाहिले, आणि इंग्रजीत विचारले, “कार्ड स्वीडनचं आहे. संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीय म्हणून. कोणत्या देशाच्या नागरिकाच्या?”

मी तोंड उघडण्याआधी नवरा डॅनिशमध्ये म्हणाला, “तुमच्या.”

पोलिसाने त्याच्याकडे पाहिले. तोवर त्याने नवऱ्याकडे काही मागितलेच नव्हते. “तुम्ही डॅनिश?”

“हो.”

“मग ह्यांचं कार्ड स्वीडनचं का?”

“कारण आमचं लग्न झालं तेव्हा ही बावीस वर्षांची होती.”

पोलिसाला लगेच उमगले. त्या देशात हे वाक्य पुरते. पुढचे समजावून सांगावे लागत नाही. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग नवऱ्याने माझा पासपोर्ट त्याच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतला, शेवटचे पान उघडले आणि पुन्हा त्याच्या हातात दिला. आपल्या पासपोर्टाच्या त्या पानावर वडिलांचे, आईचे आणि पती किंवा पत्नीचे नाव असते. भारतीय पासपोर्टात, माझ्या आईच्या नावाखाली, एक ठार डॅनिश आडनाव छापलेले होते. पोलिसाने ते वाचले, मान हलवली आणि दोन्ही कागद मला परत करत म्हणाला, “स्वागत आहे.” कुणाला म्हणाला ते कळले नाही. नवरा खिडकीकडे तोंड करून बसला आणि न्यूक्योबिंग फाल्स्टर स्थानकापर्यंत एक शब्द बोलला नाही.

मला तोवर वाटत असे की तपासणी माझी होते आणि तो नुसता सोबत असतो. त्या दिवशी लक्षात आले की माझे कार्ड वाचले जाते तेव्हा तोही वाचला जातो, आणि तो ते सहन करत आलेला आहे. माझ्या कार्डावर त्याचे नाव नाही, पण त्याने देश सोडला याची ती एकमेव अधिकृत नोंद आहे. त्याच्या स्वतःच्या पासपोर्टात तसे कुठेही लिहिलेले नाही.

एकटीने प्रवास करताना कार्डाचे वजन वेगळे असते. कुणाचे तरी कुटुंबीय म्हणून मी प्रवास करत असते आणि तो ‘कुणीतरी’ त्या वेळी कचेरीत बैठकीत बसलेला असतो. या हक्काला कायद्याच्या भाषेत साधित हक्क म्हणतात, दुसऱ्याच्या हक्कातून निघालेला. निर्देशात त्याची सगळी कलमे नीट रचलेली आहेत : नागरिक मरण पावला तर काय, लग्न मोडले तर काय. निदान तीन वर्षे लग्न टिकलेले असेल आणि त्यातले एक वर्ष त्या देशात गेलेले असेल तर घटस्फोटानंतरही हक्क राखता येतो. ही कलमे मी पहिल्या वर्षी वाचली तेव्हा मला ती अपशकुनी वाटली होती. आता ती मला समंजस वाटतात. कायमस्वरूपी कार्ड २०१८ मध्ये मिळाले, तेव्हापासून माझे वास्तव्य नवऱ्याच्या खांद्यावर उभे नाही. तरीही शेऱ्याची ओळ ‘कुटुंबीय’ असेच म्हणते. स्वीडनचे नागरिकत्व घेऊन ती ओळ पुसता येईल, आणि मैत्रिणी तसे सुचवतातही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून निळा पासपोर्ट परत करावा लागेल, आणि त्याबरोबर ते शेवटचे पानही जाईल. एवढ्याशा कारणासाठी इतका मोठा निर्णय अडवून धरणे शहाणपणाचे नाही, हे मला समजते. माझा अर्ज अजून भरलेला नाही.

मुलगी २०१६ ची. ती माल्मोत जन्मली आणि वडिलांमुळे जन्मतःच डॅनिश आहे. तिच्या लाल पासपोर्टाला कोणत्याही कार्डाची जोडी लागत नाही. गेल्या महिन्यात आम्ही दोघी आजीकडून परतत होतो. हिलिएला पोलीस चढली, तरुण मुलगी होती, आणि माझ्या मुलीने कोणी मागण्याआधीच आपला पासपोर्ट उघडून पुढे केला, कारण तिला ते फार आवडते. पोलीस हसली. मग तिने माझी जोडी घेतली, कार्ड पाहिले, माझ्या मुलीकडे पाहिले आणि मला विचारले, “ही तुमची मुलगी ना?”

मी हो म्हणणार, तोच मुलगी स्वीडिशमध्ये म्हणाली, “ही माझी आई आहे.”

पोलिसाने दोन्ही पासपोर्ट आणि कार्ड तिच्याच हातात दिले. दारे मिटली आणि गाडी बोगद्यात शिरली. मुलगी कार्ड उलटसुलट करून बघत होती. त्रिआंगेल्न येईपर्यंत तिने त्यावरची सगळी अक्षरे वाचून काढली, आणि मग विचारले की यात आजोबांचे नाव आहे, तर बाबाचे का नाही. मी म्हटले, पर्स उघड आणि ते आधी जागेवर ठेव, आपल्याला उतरायचे आहे.